टाकी भरलेली असताना मोटर सुरू का झाली? घरी बनवलेल्या एका पाणी-नियंत्रकाचा प्रकरण अभ्यास

कऱ्हाडमधील एका दुमजली घरात जिन्याखाली बसवलेला पाण्याच्या मोटरचा घरगुती नियंत्रक हा या लेखाचा विषय आहे. तो बनवणारे गृहस्थ माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानशिक्षक आहेत. त्यांचा उल्लेख पुढे ‘सर’ असाच केला आहे. माझा व्यवसाय कारखान्यांसाठी नियंत्रण पॅनेल जोडण्याचा आहे, आणि सरांनी मला बोलावले ते त्यांचा नियंत्रक वारंवार चुकू लागल्यावर, विशेषतः एका पहाटे टाकी भरून वाहिलेले पाणी शेजारच्या घराच्या भिंतीवरून ओघळल्यावर. घरात बसून स्वतःच्या हाताने उपकरणे बनवणाऱ्या अनेकांच्या बाबतीत मी जे पाहत आलो, ते सगळे या एका पेटीत एकवटलेले होते, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवणे मला गरजेचे वाटले.

घरातील पाण्याची व्यवस्था आपल्याकडच्या बहुतेक घरांसारखीच आहे. नगरपालिकेचे पाणी अंगणातील जमिनीखालच्या हौदात साठते आणि तेथून एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोनोब्लॉक मोटर ते गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत चढवते. टाकीत पाणी कमी झाले की मोटर आपोआप लागावी आणि टाकी भरली की बंद व्हावी, एवढीच सरांची अपेक्षा होती. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या सुट्या भागांवर त्यांनी हे काम उभे केले. मेंदू म्हणून ईएसपी८२६६ या वायफाय असलेल्या चिपचा नोडएमसीयू बोर्ड, टाकीच्या झाकणाला आतून बसवलेला एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीने अंतर मोजणारा सेन्सर, मोटर चालू-बंद करण्यासाठी दोन रिलेंचे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचांचे, तयार मॉड्यूल, पातळी दाखवणारा छोटा एलसीडी पडदा, आणि मोबाइलवर तीच माहिती पाहण्यासाठी घरातील वायफायशी जोडणी. झिरो पीसीबीवरचे, म्हणजे भाग जोडायच्या भोकांच्या पट्टीवरचे, सोल्डरचे डाग स्वच्छ होते, प्रत्येक तारेला रंग ठरवून दिलेला होता आणि पेटीला वायुवीजनाची भोकेसुद्धा मोजून पाडलेली होती. हे मुद्दाम नोंदवतो, कारण बिघाडाचे मूळ हातकामातल्या निष्काळजीपणात नव्हते.

उन्हाळाभर आणि पावसाळाभर नियंत्रक ठीक चालला. डिसेंबरपासून तीन प्रकारच्या तक्रारी सुरू झाल्या. टाकी जवळपास भरलेली असतानाही पहाटे मोटर सुरू होई. लाइट जाऊन आली की मोटर काही वेळ विनाकारण फिरे. आणि एकदा पडद्यावर ‘मोटर बंद’ असे स्पष्ट दिसत असताना मोटर चालूच राहिली. सरांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रिलेवर टिचकी मारली तेव्हा ती थांबली. सरांचा कयास असा होता की बोर्डच कमी क्षमतेचा आहे, आणि त्याजागी ईएसपी३२ हा अधिक क्षमतेचा बोर्ड बसवला की सगळे प्रश्न सुटतील. मी त्यांना इतकीच विनंती केली की, “सर, काहीही बदलण्याआधी आहे तसाच चालू ठेवून त्याची नोंद घेऊ या.” तीन तक्रारींचे मूळ एकच आहे असे गृहीत धरले की शोध बहुतेक वेळा चुकीच्या वाटेने जातो, आणि भाग बदलून पाहण्याच्या सवयीत तर मूळ कारणाचा पुरावाच हातचा जातो.

पहाटेची मोटर

सेन्सर कसा मोजतो हे आधी पाहिले पाहिजे. बोर्डाकडून दहा मायक्रोसेकंदांचा इशारा मिळाला की एचसी-एसआर०४ चाळीस किलोहर्ट्झचे आठ ठोके पाण्याच्या दिशेने सोडतो आणि त्याच वेळी ‘इको’ ही पिन वर उचलून धरतो, म्हणजे तिच्यावर व्होल्टेज ठेवतो. प्रतिध्वनी परत आला की ती पिन खाली येते. पिन जितके मायक्रोसेकंद वर राहिली त्याला अठ्ठावन्नने भागले की सेंटिमीटरमध्ये अंतर मिळते. सरांच्या टाकीत सेन्सरपासून तळ १२५ सेंटिमीटरवर आणि भरलेल्या टाकीचे पाणी २५ सेंटिमीटरवर होते, म्हणजे मधल्या शंभर सेंटिमीटरमध्ये हजार लिटर, अर्थात सेंटिमीटरला दहा लिटर, असा सोपा हिशेब बसत होता. अंतर ८५ च्या पुढे गेले की मोटर लावायची आणि २५ वर आले की थांबवायची, असा त्यांचा प्रोग्रॅम होता.

लॅपटॉप जोडून रात्रभराच्या वाचनांची नोंद घेतली तेव्हा पहाटेच्या ओळी अशा निघाल्या: ३१, ३१, ६५५, ३१, ३१. सव्वाशे सेंटिमीटर खोल टाकीत ६५५ सेंटिमीटर हे अंतर असूच शकत नाही. पण हा आकडा हवेतून आलेला नव्हता. प्रतिध्वनी परत आलाच नाही तर हा सेन्सर इको पिन कायम वर ठेवत नाही, सुमारे अडतीस मिलिसेकंदांनी तो स्वतःच ती खाली आणतो. अडतीस हजार मायक्रोसेकंदांना अठ्ठावन्नने भागले की ६५५ येतात. म्हणजे सेन्सर ‘मला काहीच ऐकू आले नाही’ असे सांगत होता आणि प्रोग्रॅम त्याचा अर्थ ‘पाणी साडेसहा मीटर खोल गेले आहे’ असा लावत होता.

वाचने स्थिर यावीत म्हणून सरांनी पाच वाचनांची सरासरी घेतली होती. वरच्या पाच आकड्यांची सरासरी १५५ च्या पुढे जाते. चार वाचने बरोबर असूनही एका वाचनाने सगळा निकाल फिरवला आणि टाकीत चौऱ्याण्णव टक्के पाणी असताना मोटर लागली. त्यापुढची गोष्ट अधिक गंभीर होती. पाचातले एक वाचन असेच हुकत राहिले तर सरासरी २५ पर्यंत कधी उतरणारच नाही, त्यामुळे मोटर थांबण्याची अटही पूर्ण होणार नाही. शेजारच्या भिंतीवर पाणी गेले ते याच वाटेने.

प्रतिध्वनी पहाटेच का हरवत होता, याचे उत्तर गच्चीवर होते. हिवाळ्यात रात्री उघड्या आकाशाखाली टाकीचे झाकण पाण्यापेक्षा अधिक गार होते आणि आतली वाफ झाकणाच्या खालच्या बाजूला थेंबांच्या रूपाने जमते. उजाडण्यापूर्वी झाकण उचलून पाहिले तेव्हा सेन्सरच्या दोन डोळ्यांवरच्या बारीक जाळीत प्रत्येकी एक थेंब अडकलेला दिसला. कागदाच्या कोपऱ्याने तो टिपून घेतला आणि पुढच्याच वाचनापासून ६५५ येणे थांबले. ऊन चढले की काळे झाकण तापून हा ओलावा आपोआप सुकत असे, त्यामुळे सर दिवसा तपासायला वर गेले की सेन्सर निर्दोष आढळे.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. तापमानानुसार ध्वनीचा वेग बदलतो, म्हणून सरांनी त्यासाठी वेगळा सेन्सर लावून दुरुस्तीचे सूत्र लिहायला घेतले होते. हा विचार शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे: वीस अंशांना सेकंदाला ३४३ मीटर असलेला वेग चाळीस अंशांना ३५५ च्या आसपास जातो. पण त्यामुळे मीटरभर अंतरात येणारा फरक साडेतीन सेंटिमीटरचा आहे, आणि पाण्याच्या टाकीला त्याने काही बिघडत नाही. अचूकता वाढवण्याचे काम मनाला अधिक समाधान देते हे मला समजते. तरीही येथे प्रश्न अचूकतेचा नव्हता, अशक्य वाचन ओळखून नाकारण्याचा होता.

लाइट आल्यावर फिरणारी मोटर

दुसऱ्या तक्रारीचे कारण प्रोग्रॅमच्या पहिल्या काही ओळींतच सापडले. सरांचे रिले मॉड्यूल बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मॉड्यूलप्रमाणे उलट्या रीतीने चालणारे होते: पिन खाली गेली की रिले ओढला जातो, म्हणजे मोटर लागते, आणि वर गेली की सुटतो. प्रोग्रॅममध्ये पिनला आधी ‘आउटपुट’ ठरवले होते, आणि असे ठरवताक्षणी ती खाली जाते. तिला वर उचलून रिले सोडणारी ओळ होती, पण बरीच पुढे, आणि दोहोंच्या मध्ये वायफाय जोडले जाईपर्यंत थांबून राहणारे चक्र होते.

एरवी वायफाय पटकन जोडले जाई, त्यामुळे सुरुवातीचा ‘टक’ कोणाच्या लक्षात आला नाही. लाइट गेली की घरातील राउटरही बंद होतो आणि परत आल्यावर त्याला सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटे लागतात. तेवढा वेळ बोर्ड त्या चक्रात अडकून राही, पिन खाली राही आणि मोटर फिरत राही. राउटर नादुरुस्त झाला असता, किंवा कोणी त्याचा पासवर्ड बदलला असता, तर मोटर अनिश्चित काळ चालू राहिली असती आणि तिला थांबवणारे त्या पेटीत काहीच नव्हते. हौदात पाणी नसते तर ती कोरडी फिरली असती. मोनोब्लॉकमधील सीलला थंडावा आणि वंगण दोन्ही पाण्यामुळेच मिळतात, त्यामुळे कोरडी मोटर फार वेळ टिकत नाही.

या तक्रारीला आणखी एक पदर होता. मोटर बंद होतानाही बोर्ड अधूनमधून नव्याने सुरू होत असे. ईएसपी८२६६ ला आपण पुन्हा का सुरू झालो हे विचारता येते. तसे विचारल्यावर प्रोग्रॅममधील दोष किंवा वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला तर बोर्ड पुन्हा सुरू करणारी सोय) असे उत्तर न येता बाहेरून रीसेट झाल्याचे उत्तर आले. मोटरसारखा गुंडाळीचा भार तोडताना संपर्कांवर ठिणगी उडते आणि तिचा विद्युत गोंगाट जवळच्या तारांमध्ये शिरतो. मॉड्यूलवर ऑप्टोकपलर, म्हणजे दोन बाजू विजेने न जोडता प्रकाशाने इशारा पोहोचवणारे भाग, होते, पण जेडी-व्हीसीसी नावाचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) जागेवरच ठेवल्यामुळे रिलेची गुंडाळी आणि बोर्ड एकाच पुरवठ्यावर होते, आणि ऑप्टोकपलर असून अलगीकरण मात्र नव्हते. जंपर काढून रिलेला वेगळा पुरवठा द्यायचा असतो हे मॉड्यूलसोबत कोणी सांगत नाही. या गोंगाटाने बोर्ड पुन्हा सुरू झाला की वरचेच वायफायचे चक्र पुन्हा चालू होई आणि नुकतीच बंद केलेली मोटर परत लागे.

चिकटलेला रिले

तिसऱ्या तक्रारीसाठी फार शोध घ्यावा लागला नाही. रिलेचे निळे आवरण कापून काढले तेव्हा दोन्ही संपर्क काजळलेले होते आणि एकावर वितळून थिजलेला धातूचा कण उभा होता. त्या रिलेवर दहा अँपिअर असे छापलेले असते आणि सरांची मोटर चालताना क्लॅम्प मीटरवर सहा अँपिअरच्या आसपास दाखवत होती, त्यामुळे त्यांना तो पुरेसा वाटला. मात्र छापलेला आकडा हीटरसारख्या साध्या भारासाठी असतो. मोटर सुरू होताना पहिला क्षणभर चालू प्रवाहाच्या पाच ते सातपट प्रवाह ओढते, म्हणजे येथे तीस-चाळीस अँपिअर. आणि नेमक्या त्याच क्षणी रिलेचे संपर्क एकमेकांवर आपटून किंचित उसळत असतात. प्रत्येक सुरुवातीला थोडा धातू वितळतो, आणि एक दिवस संपर्क एकमेकांना चिकटतात. मग बोर्डाने कितीही वेळा ‘बंद’ म्हटले तरी मोटर ऐकत नाही.

तिन्ही कारणे समोर मांडली तेव्हा त्यांच्यातील साम्य सरांच्याच लक्षात आले. थेंब अडकला तरी मोटर चालू, वायफाय नसले तरी मोटर चालू, रिले खराब झाला तरी मोटर चालू. बिघाड कुठलाही असो, तो चालूच्या बाजूला झुकत होता. याचे कारण माझ्या मते रचनेच्या मुळाशी आहे. मोटर केव्हा लावायची, या एका प्रश्नाभोवती हा नियंत्रक विचारपूर्वक बांधला होता. मोटर चालण्याची परवानगी कोणत्या अटींवर टिकून राहते, हा प्रश्न बांधणीच्या वेळी विचारलाच गेला नव्हता. पॅनेलच्या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवले जाते. सुरू करण्याचे बटण एनओ (एरवी उघडे, दाबले की जोडणारे) आणि थांबवण्याचे बटण एनसी (एरवी जोडलेले, दाबले की तोडणारे) असते, कारण थांबवण्याच्या बटणाची तार उंदराने कुरतडली तर मशीन थांबले पाहिजे, ते थांबवण्याची सोयच नाहीशी होता कामा नये. घरी छंद म्हणून काम करणारा माणूस प्रोग्रॅम, सेन्सर आणि मोबाइल यांच्यापासून सुरुवात करतो, त्यामुळे हा भाग त्याच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही, आणि मिळणाऱ्या तयार नमुन्यांतही तो क्वचितच आढळतो.

नवी रचना

सरांनी बनवलेले काहीही टाकून द्यायचे नाही, फक्त कोणाच्या हाती काय सोपवायचे ते बदलायचे, असे आम्ही ठरवले. पातळीचे टक्के दाखवणे, मोबाइलवर कळवणे आणि मोटर लागावी अशी मागणी करणे हे काम बोर्डाकडे ठेवले. परवानगी मात्र बारा व्होल्टच्या एका साध्या साखळीकडे दिली. गच्चीवरच्या टाकीत एक फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगून उघड-बंद होणारा स्विच, असा बसवला की टाकी भरली की तो उघडतो, आणि हौदात दुसरा असा की पाणी तळाला गेले की तो उघडतो. दोन्ही एकामागोमाग जोडून त्यांच्यातून एका सहायक रिलेची गुंडाळी चालवली. हा रिले ओढलेला असेल आणि बोर्डाचीही मागणी असेल तरच कॉन्टॅक्टरला, म्हणजे मोटरची लाइन जोडणाऱ्या मोठ्या रिलेला, वीज मिळते. साखळीतील कुठलीही तार तुटली, जोड सुटला किंवा बारा व्होल्टचा पुरवठा गेला, तर मोटर बंद होते. पाण्यात उतरणाऱ्या तारांमध्ये २३० व्होल्ट मुळीच जाऊ नयेत म्हणूनही बारा व्होल्ट घेतले. फ्लोट स्विचमधून थेट मोटरची लाइन फिरवण्याची पद्धत अनेक घरांत दिसते आणि ती मला धोकादायक वाटते.

मोटर तोडण्या-जोडण्यासाठी मोटरच्या भाराकरिता ठरवलेल्या एसी-३ वर्गातील कॉन्टॅक्टर, त्याच्या पुढे मोटरने जास्त प्रवाह ओढला तर तोडणारा ओव्हरलोड रिले, आणि सुरुवातीला एमसीबी (शॉर्ट सर्किट झाल्यास पडणारा स्विच) व तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाल्यास पडणारा स्विच) असा क्रम लावला. छोट्या रिलेला आता फक्त कॉन्टॅक्टरची गुंडाळी सांभाळायची आहे. त्या गुंडाळीवर शंभर ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ वर्गातील कपॅसिटर असा ठिणगीचा गोंगाट शोषणारा स्नबर टाकला, जंपर काढून रिलेला स्वतंत्र पुरवठा दिला, आणि सेन्सरची तार मोटरच्या तारेपासून वेगळ्या पाइपातून नेली. एवढे झाल्यावर बोर्ड आपोआप पुन्हा सुरू होणे थांबले.

प्रोग्रॅममधील बदल सरांनी स्वतः केले. पिन आधी वर उचलून मगच ती आउटपुट ठरवायची, आणि वायफायची वाट न पाहता मुख्य काम सुरू करायचे. २० सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा १३० पेक्षा जास्त वाचन आले तर ते वाचन म्हणून धरायचेच नाही. उरलेल्या वाचनांची सरासरी न घेता त्यांना चढत्या क्रमाने लावून मधले घ्यायचे. वरच्या उदाहरणात ते ३१ येते आणि ६५५ चा त्यावर काहीही परिणाम होत नाही. सलग काही वाचने वाया गेली तर पडद्यावर ‘वाचन नाही’ असे दाखवून मोटरची मागणी मागे घ्यायची. लाइट आल्यावर तीन मिनिटे मागणीच करायची नाही.

यातील सगळ्यात सुंदर अट सरांनी सुचवली. त्यांनी भरताना वेळ लावून पाहिले होते: मोटर मिनिटाला साधारण चाळीस लिटर पाणी चढवते, म्हणजे पातळी मिनिटाला चार सेंटिमीटर वाढते. मोटर लागल्यावर पाच मिनिटांत पातळी दहा सेंटिमीटरनेही वाढली नाही, तर पाणी चढत नाही असे समजून मोटर थांबवायची. हौदातील फ्लोट अडकला, हौदातील नळीच्या तळाचा फूट वॉल्व्ह गळला किंवा पाइप निखळला, तरी ही एक अट त्या सगळ्यांना पकडते, आणि तिला एकही नवा भाग लागत नाही. ज्याने स्वतः मोजले आहे त्यालाच अशी अट सुचते, आणि छंदाने केलेल्या कामाची मला वाटणारी खरी किंमत तीच आहे.

काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, आग्रह एकाच गोष्टीसाठी होता: “तुम्ही दोघे घरी नसताना हे बंद पडले, तर मला मोटर लावता आली पाहिजे.” त्यासाठी पेटीच्या दारावर ‘हाताने, बंद, ऑटो’ असा तीन जागांचा फिरता स्विच बसवला. ‘हाताने’ या जागेवर बोर्ड पूर्णपणे बाजूला होतो, परंतु फ्लोटची साखळी आणि ओव्हरलोड रिले तसेच राहतात, त्यामुळे हाताने लावलेली मोटरही टाकी भरली की थांबते. जोडणीचा आराखडा पेटीच्या दाराला आतून चिकटवला आहे आणि प्रत्येक टर्मिनलच्या तारेवर क्रमांकाचे फेरूल (छोटी नळी) चढवले आहे, म्हणजे उद्या गावातील कोणत्याही वायरमनला ते उघडून समजेल.

काम पूर्ण झाल्यावर आम्ही प्रत्येक बिघाड मुद्दाम घडवून पाहिला. सेन्सरवर ओला कापूस लावला, राउटर बंद ठेवून लाइट घालवून आणली, टाकीतील फ्लोटची तार टर्मिनलमधून सोडवली, मोटर चालू असताना बोर्डाची वीज काढली. प्रत्येक वेळी मोटर थांबली किंवा सुरूच झाली नाही. कॉन्टॅक्टरचेच संपर्क चिकटले तर काय, ही एक शक्यता शिल्लक आहे. कॉन्टॅक्टरच्या सहायक संपर्कावरून त्याची स्थिती बोर्डाला परत कळवायची, आणि मागणी नसताना तो ओढलेला दिसला तर घंटी वाजवून त्याच्या आधी बसवलेल्या वेगळ्या कॉन्टॅक्टरने लाइन तोडायची, असा आराखडा सरांनी काढला आहे. दुसऱ्या कॉन्टॅक्टरसाठी पेटीत डिन रेलवर (भाग अडकवायच्या पट्टीवर) जागा राखून ठेवली आहे. थेंबांचा प्रश्न मुळातून मिटवण्यासाठी सेन्सर झाकणाऐवजी उभ्या पीव्हीसी नळीच्या तोंडाशी बसवून पाहण्याचाही त्यांचा विचार आहे. नळीच्या भिंतीवरून येणारे खोटे प्रतिध्वनी किती त्रास देतात हे मात्र हिवाळ्यातील नोंदींवरूनच ठरवावे लागेल.